बुद्ध्यांक ११० म्हणजे नेमके किती?

दहा किलो ज्वारी पाच किलो ज्वारीच्या दुप्पट असते. हे विधान आज खरे आहे, उद्याही खरे राहील, आणि लातुरात खरे आहे तसेच लंडनमध्येही खरे आहे. बुद्ध्यांकाबाबत असे काहीच म्हणता येत नाही. १४० बुद्ध्यांक असलेली मुलगी ७० बुद्ध्यांक असलेल्या मुलीच्या दुप्पट बुद्धिमान नसते. आणि शून्य बुद्ध्यांक म्हणजे बुद्धीचा संपूर्ण अभाव, असेही म्हणता येत नाही, कारण त्या मोजपट्टीवर शून्याची खूणच नाही. तरीही अहवालावर छापलेला आकडा समोर आला की तो वजनकाट्यावरच्या आकड्यासारखा वाचण्याचा मोह होतो. शाळेने सुचवले म्हणून मुलाची चाचणी करून घेतलेले पालक ‘एकूण बुद्ध्यांक ११०’ हे शब्द वाचतात आणि विचारतात, ‘कशापैकी ११०?’ प्रश्न रास्त आहे, फक्त त्यातला एक शब्द बदलायला हवा. हा आकडा ‘कशापैकी’ नसतो, तो ‘कोणापैकी’ असतो. आणि मानसशास्त्रज्ञ बुद्धी कशी मोजतात हे समजून घ्यायचे असेल तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

चाचणी तयार करणारे मानसशास्त्रज्ञ प्रथम भरपूर प्रश्न रचतात, त्यांतले संदिग्ध किंवा निरुपयोगी प्रश्न गाळतात, आणि उरलेले प्रश्न शेकडो, शक्य असल्यास हजारो व्यक्तींना सोडवायला देतात. या व्यक्ती शहरांतून आणि खेड्यांतून, वेगवेगळ्या थरांतून आणि ठरावीक वयोगटांतून निवडलेल्या असतात, कारण पुढे ज्याची चाचणी होईल त्याची तुलना याच लोकांशी होणार असते. या प्रक्रियेला प्रमाणीकरण म्हणतात. समजा, दहा वर्षांच्या मुलांनी सरासरी ४२ गुण मिळवले. चाचणीकार त्या ४२ गुणांना १०० हे नाव देतात. मुलांचे गुण या सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे एक संख्याशास्त्रीय माप काढता येते, त्याला प्रमाण विचलन म्हणतात. चाचणीकार त्या मापाला १५ हे नाव देतात. १०० आणि १५ हे दोन्ही आकडे निसर्गात सापडलेले नाहीत, ते सोयीसाठी ठरवलेले आहेत. या पद्धतीत सुमारे ६८ टक्के मुले ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात, सुमारे ९५ टक्के मुले ७० ते १३० या पट्ट्यात येतात, आणि ७० च्या खाली साधारण दोन टक्के मुले उरतात. मग ११० म्हणजे किती? तर आपल्या वयाच्या शंभर मुलांना रांगेत उभे केले असता सुमारे ७५ मुले ज्याच्या मागे असतील, त्या मुलाची जागा.

रांग लक्षात घेतली की आणखी एक गंमत दिसते. बुद्ध्यांक १०० वरून ११० वर गेला तर रांगेत सुमारे पंचवीस मुले मागे पडतात. तोच १३० वरून १४० वर गेला तर जेमतेम दोन. गुण दोन्ही वेळा दहाच वाढले, पण गर्दी मध्यावर दाट आणि टोकाला विरळ असल्यामुळे त्या दहा गुणांचा अर्थ सारखा राहिला नाही. काट्यावरच्या किलोला असा स्वभाव नसतो.

हे सगळे मुळात असे ठरवलेले नव्हते. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांना बुद्धी अगदी शब्दशः मोजायची होती. १८८४ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात त्यांनी एक प्रयोगशाळा मांडली आणि तीन पेन्स भरून आत येणाऱ्यांची दृष्टी, श्रवणशक्ती, मुठीची ताकद आणि प्रतिक्रियेचा वेग मोजला. ज्याची इंद्रिये तीक्ष्ण त्याची बुद्धी तीक्ष्ण, असा त्यांचा तर्क होता. अमेरिकेत अशाच चाचण्या कोलंबिया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर झाल्या, आणि १९०१ मध्ये क्लार्क विसलर यांनी दाखवून दिले की त्या चाचण्यांतील गुणांचा विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांशी जवळजवळ काहीही संबंध नाही. मापन अचूक होते. फक्त जे मोजायचे होते ते मोजले जात नव्हते. चाचणी पुन्हा घेतली तरी तोच निकाल येणे याला विश्वसनीयता म्हणतात, आणि जे मोजायचे तेच मोजले जाणे याला सप्रमाणता म्हणतात. गॉल्टन यांच्या मार्गाने पहिली साधता आली असती, दुसरी नाही.

पॅरिसमध्ये आल्फ्रेद बिने यांच्यासमोर प्रश्न वेगळा होता. प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर वर्गात मागे पडणारी मुले ठळकपणे दिसू लागली होती, आणि त्यांतल्या कोणाला विशेष शिक्षणाची गरज आहे हे शिक्षकांच्या मर्जीवर न सोडता ठरवण्याची गरज निर्माण झाली होती. बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची, सोप्याकडून अवघडाकडे जाणारी मालिका तयार केली. पहिल्या कसोटीत जळती काडी डोळ्यांसमोरून फिरवायची आणि बाळ नजरेने तिचा पाठलाग करते का ते पाहायचे. शेवटच्या कसोटीत दोन जवळच्या अर्थाच्या अमूर्त शब्दांतला फरक सांगायचा. इंद्रियांऐवजी त्यांनी समज, स्मरण, तुलना आणि तारतम्य तपासले. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावले गेले, आणि त्यातून ‘मानसिक वय’ ही कल्पना आली: एखादा दहा वर्षांचा मुलगा आठ वर्षांच्या सर्वसाधारण मुलाइतकेच प्रश्न सोडवू शकला तर त्याचे मानसिक वय आठ.

बिने यांनी १९०५ मध्येच स्पष्ट लिहिले होते की जशी लांबी मोजतात तशी ही पट्टी बुद्धी मोजत नाही, कारण बौद्धिक गुण एकावर एक रचून त्यांची बेरीज करता येत नाही. ही केवळ एक क्रमवारी आहे. पहिल्या यशस्वी चाचणीच्या जन्मदात्यानेच दिलेला हा इशारा पुढची कित्येक दशके कोणी फारसा मनावर घेतला नाही. मागे पडलेल्या मुलाची बुद्धी कायमचीच तेवढी असते हेही त्यांना मान्य नव्हते, आणि अशा मुलांसाठी लक्ष, स्मरण आणि विचार यांचे व्यायाम त्यांनी सुचवले होते. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

दुसऱ्याच वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना मांडली. तिच्यामागे कारण होते. दोन वर्षांनी मागे असणे चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत फार मोठी गोष्ट असते, बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तेवढी नसते. भागाकार केला की हा फरक दिसतो. १९१६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात लुइस टर्मन यांनी बिने यांच्या चाचणीची अमेरिकी आवृत्ती काढताना त्या भागाकाराला १०० ने गुणले, आणि बुद्ध्यांक जन्माला आला. चार वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दोन असेल तर बुद्ध्यांक ५०. बाराच्या मुलाचे दहा असेल तर ८३. हिशेब सुटसुटीत आहे, पण तो प्रौढांवर लावला की कोलमडतो. चाळीस वर्षांच्या माणसाचे मानसिक वय चाळीस असते म्हणजे काय? शब्दसंग्रह वाढत राहतो, पण कोडी सोडवण्याची क्षमता पौगंडावस्थेनंतर वर्षागणिक वाढत नाही. म्हणून टर्मन यांनी प्रौढांचे मानसिक वय सरसकट सोळा धरले.

या सोळाने पुढे मोठा घोळ घातला. पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या सुमारे सतरा लाख सैनिकांची सामूहिक चाचणी झाली. वाचता येणाऱ्यांसाठी ‘आल्फा’ आणि निरक्षरांसाठी किंवा इंग्रजी न येणाऱ्यांसाठी ‘बीटा’ असे तिचे दोन प्रकार होते. आल्फा चाचणीत ‘क्रिस्को’ हे औषध आहे, जंतुनाशक आहे, दंतमंजन आहे की खाद्यपदार्थ, असा प्रश्न होता. आणि नुकत्याच बोटीतून उतरलेल्या इटालियन शेतमजुराला वनस्पती तुपाच्या एका अमेरिकी ब्रँडचे नाव माहीत नसणे हे त्याच्या बुद्धीचे उणे ठरत होते. निष्कर्ष असा निघाला की गोऱ्या अमेरिकी सैनिकाचे सरासरी मानसिक वय तेरा आहे. देश मतिमंद होत चालल्याची हाकाटी सुरू झाली. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये त्यातला मूर्खपणा दाखवून दिला. प्रौढांची सरासरी बुद्धी ही प्रौढांच्या सरासरी बुद्धीपेक्षा कमी असूच शकत नाही. तेरा हा आकडा टर्मन यांच्या सोळाच्या तुलनेत कमी दिसतो, आणि ते सोळा कॅलिफोर्नियातील मूठभर लोकांवरून ठरवलेले होते. सतरा लाखांच्या निकालापेक्षा मूठभरांचा निकाल खरा मानला गेला, कारण तो आधी छापला गेला होता.

मानसिक वयाचा भागाकार सोडून देऊन समवयस्कांच्या गर्दीतील स्थानालाच बुद्ध्यांक म्हणण्याची पद्धत न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये प्रौढांसाठीच्या चाचणीत रूढ केली. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या बहुतेक चाचण्यांत हीच पद्धत असते. म्हणजे ‘अंक’ हे नाव राहिले, भागाकार गेला.

इथपर्यंत वाचल्यावर कोणीही विचारील की मोजण्याचे एवढे चालले असताना बुद्धी म्हणजे काय हे कोणी ठरवले होते का. १९२१ मध्ये एका अमेरिकी शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकाने नामवंत मानसशास्त्रज्ञांना हाच प्रश्न विचारला, आणि जितके तज्ज्ञ तितक्या व्याख्या आल्या: अमूर्त विचार करण्याची क्षमता, नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची क्षमता, शिकण्याची क्षमता, इत्यादी. दोनच वर्षांनी एडविन बोरिंग यांनी कोरडेपणाने लिहिले की बुद्धिमत्तेच्या चाचण्या जे तपासतात ती बुद्धिमत्ता. हे वाक्य थट्टा म्हणून सांगितले जाते, पण बोरिंग ते कामचलाऊ व्याख्या म्हणून गांभीर्याने मांडत होते. मराठीत तर बुद्धी, अक्कल, हुशारी, चातुर्य, व्यवहारज्ञान आणि शहाणपण हे शब्द एकमेकांच्या जागी सहज ठेवता येत नाहीत. ‘हुशार आहे, पण अक्कल नाही’ हे वाक्य कोणत्याही घरात कानावर पडते आणि ऐकणाऱ्याला त्यात विसंगती वाटत नाही.

व्याख्येच्या या गोंधळातून वाट काढणारे निरीक्षण इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच मांडले होते. शाळकरी मुलांचे गुण तपासताना त्यांना आढळले की एका विषयात पुढे असलेली मुले बहुधा दुसऱ्या विषयांतही पुढे असतात. भाषा आणि गणित यांचा संबंध असणे समजण्यासारखे आहे, पण दोन स्वरांतला सूक्ष्म फरक ओळखण्याची क्षमताही त्याच दिशेने झुकलेली होती. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत निरनिराळ्या बौद्धिक कसोट्यांवर हेच पुन्हा पुन्हा दिसले आहे, आणि मानसशास्त्रातील अत्यंत भक्कम निष्कर्षांत त्याची गणना होते. स्पिअरमन यांनी यामागे एक ‘सामान्य घटक’ आहे असे म्हटले, आणि प्रत्येक कामासाठी लागणारा ‘विशिष्ट घटक’ वेगळा मानला. चाचण्यांच्या गुणांत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा साधारण निम्म्याच्या आसपासचा भाग हा सामान्य घटक व्यापतो.

हा घटक म्हणजे नेमके काय, यावर आजही एकमत नाही, आणि मला वाटते की इथे महागाईच्या निर्देशांकाचे उदाहरण उपयोगी पडते. तांदूळ, तेल, भाजी, घरभाडे यांच्या किमती बहुधा एकत्र वाढतात, म्हणून त्यांचा एक निर्देशांक काढता येतो. तो खोटा नसतो; त्यावरून महागाईभत्ता ठरतो. तरी मंडईत ‘महागाई’ नावाची वस्तू कोणाच्या पाटीत मिळत नाही. सामान्य घटक हा मेंदूतला एखादा खराखुरा गुणधर्म आहे असे काही संशोधक मानतात. उलट, स्पिअरमन यांचेच समकालीन गॉडफ्री थॉमसन यांनी गणिताने दाखवून दिले होते की मनात असंख्य लहान लहान क्षमता असल्या आणि प्रत्येक कसोटीला त्यांतल्या बऱ्याच एकदम लागत असल्या, तरीही आकडेवारीत नेमका असाच एक सामान्य घटक उमटेल. म्हणजे आकडेवारी एकच आणि तिचे दोन अर्थ. केवळ गुणपत्रिका पाहून त्यांतला एक निवडता येत नाही.

पुढील काळात चित्र अधिक बारकाईने रेखाटले गेले. रेमंड कॅटेल यांनी नवे कोडे सोडवण्याची ‘प्रवाही’ बुद्धिमत्ता आणि शिक्षणातून व अनुभवातून साठलेली ‘स्फटिकरूप’ बुद्धिमत्ता असे दोन भाग केले; पहिली तारुण्यानंतर ओसरू लागते, दुसरी उतारवयापर्यंत टिकते. आजोबांना नवा मोबाइल उमगत नाही आणि कोर्टाच्या कागदातली खोच मात्र पहिल्या वाचनात कळते, ते यामुळे. जॉन कॅरोल यांनी १९९३ मध्ये चारशेहून अधिक जुन्या अभ्यासांची आकडेवारी पुन्हा तपासून तीन थरांची रचना मांडली: तळाशी अनेक छोट्या क्षमता, मधल्या थरात प्रवाही बुद्धिमत्ता, स्मरण, वेग यांसारखे काही मोठे गट, आणि वर एक सामान्य घटक. आजच्या प्रमुख चाचण्यांवर याच रचनेचा प्रभाव आहे. याउलट जॉय पॉल गिलफर्ड यांनी सामान्य घटक नाकारून बुद्धीच्या १२० स्वतंत्र पैलूंचा आराखडा मांडला होता. संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो फारसा टिकला नाही, पण पुण्यात १९६२ मध्ये स्थापन झालेल्या ज्ञान प्रबोधिनीने प्रज्ञावंत मुलांच्या शोधासाठी आणि शिक्षणासाठी त्याचा आधार घेतला, त्यामुळे महाराष्ट्रात तो अमेरिकेपेक्षा अधिक परिचित असण्याची शक्यता आहे. हॉवर्ड गार्डनर यांचा १९८३ चा बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धान्त शिक्षकांना फार प्रिय आहे. मात्र संगीत किंवा शरीरकौशल्य यांना ‘बुद्धिमत्ता’ म्हणायचे की ‘गुणवत्ता’, हा बराचसा शब्दाचा प्रश्न आहे, आणि त्या सिद्धान्तावर उभी राहिलेली भक्कम मोजपट्टी अजून तरी नाही.

आता प्रत्यक्ष चाचणीच्या खोलीत जाऊ. वेक्सलर पद्धतीची चाचणी एका वेळी एकाच व्यक्तीची घेतात आणि तिला तास-दीड तास लागतो. परीक्षक आकडे वाचून दाखवतात, ते उलट्या क्रमाने म्हणायचे असतात. रंगीत ठोकळे जुळवून चित्रातला नमुना तयार करायचा असतो. शब्दांचे अर्थ सांगायचे असतात, आणि दोन गोष्टींत काय सारखे आहे ते सांगायचे असते. खरे प्रश्न गोपनीय असतात, म्हणून एक मनचे उदाहरण घेतो: नदी आणि विहीर यांत काय सारखे? ‘दोन्ही पाण्याचे स्रोत आहेत’ या उत्तराला पूर्ण गुण मिळतील, कारण त्यात वर्ग ओळखला आहे. ‘दोन्हींत पोहता येते’ याला बहुधा अर्धे. आणि एखादी मुलगी म्हणाली, ‘विहीर आमची असते, नदी गावाची असते,’ तर शून्य. तिने मालकी आणि सार्वजनिकता यांतला भेद ओळखला, पण प्रश्न साम्याचा होता.

हा शून्य फार काही सांगतो. पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियात क्पेले जमातीच्या शेतकऱ्यांसमोर संशोधकांनी अन्नपदार्थ, हत्यारे, भांडी आणि कपडे अशा वीस वस्तू ठेवून त्यांचे गट पाडायला सांगितले. शेतकऱ्यांनी बटाटा कुदळीजवळ ठेवला, कारण कुदळीने बटाटा खणतात, आणि शहाणा माणूस असेच करील असे सांगितले. शेवटी संशोधकाने वैतागून विचारले की मूर्ख माणूस हे कसे लावील? तेव्हा त्यांनी अन्न एकीकडे, हत्यारे एकीकडे, भांडी एकीकडे असे गट झटकन लावून दाखवले. चाचणीला हवे असलेले उत्तर त्यांना येत होते. त्यांना ते शहाणपणाचे वाटत नव्हते. रॉबर्ट सर्पेल यांनी झांबियातील आणि इंग्लंडमधील मुलांना तेच नमुने वेगवेगळ्या साधनांनी बनवायला सांगितले, तेव्हा कागद-पेन्सिलीने इंग्लंडची मुले पुढे होती, तारेने नमुना वाकवण्यात झांबियाची मुले पुढे होती, आणि मातीकामात दोघेही बरोबरीचे होते. झांबियात तारेच्या खेळण्यांचा छंद मुलांना लहानपणापासून असतो. केवळ आकृत्यांची चाचणी घेतली की ती संस्कृतीपासून मुक्त होते, या समजुतीला यानंतर फारसा आधार उरत नाही.

महागाईच्या निर्देशांकाला आधारवर्ष, म्हणजे तुलनेसाठी धरलेले वर्ष असते, तसे बुद्ध्यांकालाही असते, आणि याचा पुरावा १९८४ मध्ये न्यूझीलंडमधील जेम्स फ्लिन यांनी पुढे आणला. त्यांनी दाखवले की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकी लोकांचा बुद्ध्यांक सुमारे १४ गुणांनी वाढला, म्हणजे दर दशकाला साधारण तीन गुण. पुढे अनेक देशांत अशीच वाढ दिसली. दर वेळी नवे प्रमाणीकरण करून सरासरी पुन्हा १०० वर आणली जात असल्यामुळे ही वाढ डोळ्यांआड राहिली होती. आपले आजोबा मंदबुद्धी होते आणि आपण प्रतिभावंत आहोत असा याचा अर्थ लावणे हास्यास्पद आहे. शाळा, आहार, लहान कुटुंबे, आणि वर्गीकरण व तर्क यांची रोजची सवय ही कारणे पुढे केली जातात. नॉर्वेसारख्या काही देशांत अलीकडच्या पिढ्यांत हा चढ थांबून उतारही दिसला आहे. व्यवहारात मात्र एक गोष्ट पक्की: चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांशी तुलना करून काढलेला आजच्या मुलाचा बुद्ध्यांक बऱ्याचदा फुगलेला असतो.

कोणत्याही मापनात चूक असते. मुलाला रात्री ताप होता, परीक्षक अनोळखी होते, एखादे उत्तर अंदाजाने बरोबर आले. चांगल्या चाचणीतही ही चूक इतकी असते की ११० हा आकडा ‘१०३ ते ११७ च्या दरम्यान कुठेतरी’ असा वाचणे शहाणपणाचे ठरते. हा तांत्रिक तपशील वाटेल, पण अमेरिकेत त्यावर माणसाचे जीवन अवलंबून होते. बौद्धिक अक्षमता असलेल्या आरोपीला मृत्युदंड देता येणार नाही, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ठरवले. फ्लोरिडा राज्याने त्यासाठी ७० ही रेघ आखली, आणि ७१ गुण मिळालेल्या आरोपीला पुढचा पुरावा मांडण्याची संधीच नाकारली. २०१४ मध्ये ‘हॉल विरुद्ध फ्लोरिडा’ या खटल्यात न्यायालयाने ही काटेकोर रेघ घटनाबाह्य ठरवली, आणि त्यामागचे कारण नेमके हेच होते की चाचणीचा निकाल हा एक बिंदू नसून पट्टा असतो.

रांगेतले स्थान आयुष्यभर टिकते का? स्कॉटलंडमध्ये १ जून १९३२ रोजी १९२१ साली जन्मलेल्या जवळजवळ सर्व मुलांची, म्हणजे ८७,४९८ जणांची, एकच चाचणी घेतली गेली. ती सामान्य घटकाचा दुसरा अर्थ लावणाऱ्या गॉडफ्री थॉमसन यांनीच तयार केलेली होती. बरोबर ६६ वर्षांनी, १ जून १९९८ रोजी, इयन डिअरी आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅबर्डीनमध्ये त्यांपैकी १०१ जणांना तीच चाचणी पुन्हा दिली. अकराव्या आणि सत्त्याहत्तराव्या वर्षीच्या गुणांतला सहसंबंध ०.६३ निघाला. शून्य म्हणजे काहीही संबंध नाही आणि एक म्हणजे तंतोतंत संबंध, हे लक्षात घेतले तर सहा-साडेसहा दशकांनंतरचा हा आकडा थक्क करणारा आहे. तरी बरीच उलथापालथ होण्याइतकी जागाही त्यात आहे. मात्र स्थान टिकणे म्हणजे पातळी न बदलणे नव्हे. वर्गातल्या सगळ्या मुलांची उंची वर्षभरात वाढते आणि प्रार्थनेच्या रांगेतला क्रम तरीही तोच राहतो. नॉर्वेने सक्तीचे शिक्षण सात वर्षांवरून नऊ वर्षांवर नेले, तेव्हा शाळेच्या प्रत्येक जादा वर्षामागे तरुणांच्या बुद्ध्यांकात साधारण तीन-चार गुणांची भर पडल्याचे आढळले.

बुद्ध्यांक आणि शाळेतील गुण यांचा सहसंबंध साधारण ०.५ असतो. याचा अर्थ गुणांतल्या फरकापैकी सुमारे एक चतुर्थांश फरक बुद्ध्यांकाशी जोडता येतो, आणि उरलेला तीन चतुर्थांश चिकाटी, आवड, घर, शिक्षक, तब्येत यांच्याकडे जातो. महाराष्ट्रात शालेय शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा विभाग असतो, त्याची मार्गदर्शके मिळतात, शिकवण्या लागतात आणि मुले वर्षभर संख्यामालिका आणि आरशातील प्रतिमा सोडवतात. ती परीक्षा म्हणून तिचे काम ठीक करत असेल, पण मानसशास्त्रीय अर्थाने ती बुद्धिमत्तेची चाचणी राहत नाही, कारण प्रमाणीकरण गृहीत धरते की प्रश्न सर्वांना सारखेच नवे आहेत.

भारतीय मुलांना पॅरिस किंवा कॅलिफोर्नियाच्या रांगेत उभे करण्यात अर्थ नाही, हे इथल्या लोकांच्या लवकर लक्षात आले. लाहोर येथे हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात बिने यांच्या चाचणीचे हिंदुस्थानी रूप तयार केले. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड भागात व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड भाषांत बिने चाचणी नव्याने बसवली. तिच्यावरील त्यांचे पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ‘बिने-कामत’ चाचणी आजही आपल्याकडे वापरली जाते. तिच्यात बुद्ध्यांक मानसिक वयाच्या जुन्या भागाकारानेच काढतात, आणि तिची प्रमाणके, म्हणजे ज्यांच्याशी तुलना होते त्या मुलांचे गुण, कित्येक दशकांपूर्वीची आहेत, हे तिचा निकाल वाचताना विसरून चालत नाही. १९५५ मध्ये चंद्रमोहन भाटिया यांची, अक्षरओळख नसलेल्या मुलांनाही देता येणारी कृतिचाचण्यांची मालिका आली. वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या चाचणीचे भारतीय रूपांतर १९६९ मध्ये नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी प्रसिद्ध केले.

मॅलिन यांनी नागपुरातच आणखी एक काम केले होते, ते फारसे बोलले जात नाही. बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ ७० च्या खालच्या आकड्यावर करता येत नाही. रोजच्या जगण्यात ते मूल काय करू शकते हेही पाहावे लागते. त्यासाठी एडगर डॉल यांनी अमेरिकेत तयार केलेली व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी मॅलिन यांनी भारतीय घरांना लागू होईल अशी बदलली. तिच्यात ८९ बाबी आहेत आणि ती घेताना मुलापुढे कोडी ठेवत नाहीत. परीक्षक आईशी किंवा मुलाला रोज पाहणाऱ्या व्यक्तीशी बोलतात: तो स्वतःच्या हाताने जेवतो का, कपडे घालतो का, शेजारी एकटा जातो का, त्याच्या हाती पैसे देता येतात का. अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी आलेल्या मुलाच्या अहवालात या गप्पांतून आलेला आकडा बुद्ध्यांकाच्या शेजारी लिहिलेला असतो, आणि कित्येकदा ते दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.